घाटाखालचा डेलिया

'घाटाखाली डेलिया येत नाही,' हे वाक्य मलकापुरात नर्सरी चालवताना मी इतक्या गिऱ्हाइकांना ऐकवलं की, दारावर नर्सरीच्या नावाऐवजी तेच रंगवून घेतलं असतं तरी चाललं असतं. आमच्या बुलडाणा जिल्ह्याचे दोन भाग. बुलडाणा, चिखली घाटावर. मलकापूर, नांदुरा, मोताळा घाटाखाली. घाटावर उन्हाळ्यातही संध्याकाळी जरा बरी हवा सुटते. घाटाखाली मे महिन्यात नळाचं पाणी हाताला चटका देतं. डेलिया पडला थंड डोंगरातला. त्याला इथे आणून लावायचं आणि मग तो गेला म्हणून माझ्या नावानं खडे फोडायचे, यापेक्षा आधीच नाही म्हटलेलं बरं, असा माझा हिशेब.

पण गिऱ्हाइकांना जे येत नाही तेच हवं असतं. एका गुरुजींना सफरचंद लावायचं होतं, कारण साडूच्या बंगल्यात ते लागलं होतं. एक बाई म्हणाल्या, "मले असं झाड द्या, सावली पडली पायजे पन पाला नाई पडला पायजे." मी म्हटलं, "मग समोरच्या दुकानात प्लास्टिकचं भेटते." त्या खरंच गेल्या आणि घेऊन आल्या, वर मला दाखवायलाही थांबल्या. एक गृहस्थ वाळलेला गुलाब पिशवीसकट परत घेऊन आले, बदलून द्या म्हणाले. पाणी घालत होतात का, असं विचारलं तर म्हणतात, "पाणी कसं घालावं? लावाचंच राह्यलं होतं ना."

तर अशा माणसांत माझं आयुष्य गेलं. माती, शेणखत आणि वाळू कालवून पिशव्या भरायच्या, कलमं बांधायची, रोपं तयार करायची. झाड विकणं मुळीच अवघड नसतं. अवघड असतं ते गिऱ्हाइकाला त्याच्या घरी जाऊन ते झाड कसं वागेल हे सांगणं, आणि ते मी जरा फटकळपणे सांगत आले. आता गुडघे बोलायला लागले म्हणून नर्सरी पुतण्याकडे दिली आहे. या अंकासाठी काहीतरी लिहा असं संपादक म्हणाले, तेव्हा आधी मोठमोठ्या ऑर्डरी आठवल्या. पण लिहायला बसले तर डोळ्यांपुढे एकच झाड उभं राहिलं, आणि तेही मी कधी विकलं नाही असं.

घाटाखालच्याच रोहिणखेडच्या हाजराखाला, म्हणजे हाजरामावशी, माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांचं घर फुलांचं काम करणारं. आजूबाजूच्या गावांतल्या लग्नांचे हार, मुंडावळ्यांसारखे चेहऱ्यावर सोडायचे फुलांचे सेहरे, दर्ग्यावरच्या फुलांच्या चादरी त्यांच्याकडे व्हायच्या. दर पावसाळ्यात झेंडू आणि शेवंतीची रोपं त्या माझ्याकडून न्यायच्या, आणि प्रत्येक रोप उलटं धरून मुळ्या पाहायच्या. अशी गिऱ्हाइकं मला आवडतात.

एका वर्षी फाल्गुनात त्या आल्या, त्या काही न्यायला नाही, तर द्यायला. ओल्या फडक्यात गुंडाळलेला कंदांचा एक घोस होता. रताळ्यासारखे लांबट, तपकिरी, आणि वर वाळलेल्या काडीचा खुंट.

"काय हो हे, खाला?"

"डेलिया हाय."

मी हसले. "घाटाखाली डेलिया येत नाही, खाला."

"त्याले कोणी सांगतलं नाई ना ते," त्या म्हणाल्या. "माह्या सासऱ्यानं लावला तवापासून येऊन राह्यला."

त्यांचे सासरे तरुणपणी चिखलदऱ्याला एका बंगल्यावर माळी होते. गावी परतताना त्यांनी हा कंद पिशवीत घालून आणला आणि अंगणातल्या कडुनिंबाच्या पूर्वेला लावला. हिवाळ्यात बाजारात कुंडीत दिसतो तो, ताटाएवढ्या फुलाचा डेलिया हा नव्हे. हा त्याचा रानातला पूर्वज. मेक्सिको देशातल्या डोंगरउतारांवर तो आपला आपण उगवतो. पाकळ्यांची एकच ओळ, बहुतेक आठच पाकळ्या, रंग शेंदरी लाल, मधोमध पिवळा गोंडा. झाड माणसाच्या डोक्यावर जातं आणि काडी पोकळ असल्यामुळे जरा वारा आला की मान टाकतं. फूल तोडलं की फार काळ टिकत नाही, पाकळ्या गळायला लागतात. म्हणून बाजारात त्याला कोणी विचारत नाही.

पण खालांच्या घरात एक रीत होती. दुसऱ्यांच्या लग्नाचे सेहरे बाजारातल्या फुलांचे करायचे. घरच्या लग्नात मात्र सेहऱ्याच्या मधोमध एक तरी फूल आपल्या अंगणातलं लागायचं. सासऱ्यांनंतर ते फूल हेच. खालांच्या दोन्ही मुलींच्या सेहऱ्यांत ते होतं. आता नातीचं, रुखसारचं लग्न हिवाळ्यात ठरलं होतं. आणि नेमकं आताच थोरल्या मुलानं, अस्लमनं, अंगणात कोबा करायचं काढलं होतं. तो स्वतः गवंडीकाम करणारा. लग्नाला पाहुणे येतील, पायाला चिखल लागू नये, हा त्याचा विचार.

"कोब्याखाली गेला तं संपलाच," खाला म्हणाल्या. "शकूबाई, तुह्यापाशी ठेव. शादीले एक फूल लागते. जास्त नको."

मी कंद घेतले. खरं सांगायचं तर जरा मिजाशीतच घेतले. इतकी वर्षं मी ज्याला नाही म्हणत होते, ते झाड माझ्या हातात होतं.

डेलियाचा कंद सांभाळणं म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बटाट्याला अंगभर डोळे असतात. हळदीचा, आल्याचा कुठलाही तुकडा लावला तरी फुटतो. डेलियाचं तसं नाही. त्याच्या गुबगुबीत कंदात नुसता शिधा भरलेला असतो. कोंब फुटतो तो फक्त वर, जिथे कंदाची बारीक मान जुन्या काडीला चिकटलेली असते तिथूनच. मान मोडली की तो कंद आंधळा. मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहील, पण उगवणार नाही. उन्हाळ्यात तो कोरडा ठेवला तर सुकून आक्रसतो, ओला ठेवला तर सडतो. मलकापूरच्या उन्हाळ्यात ना कोरडं ना ओलं अशी जागा शोधायची कुठे? आमच्या स्वयंपाकघरात घडवंचीवर दोन माठ असतात. ते झिरपतात, आणि खालची जागा कायम गार राहते. एका घमेल्यात नदीची वाळू भरली, त्यात घोस पुरला आणि घमेलं घडवंचीखाली सरकवलं. घरात सगळ्यांना बजावलं की याला हात लावायचा नाही.

सगळ्यांना म्हणजे, जे घरात होते त्यांना. सासूबाई तेव्हा नणंदेकडे नांदुऱ्याला होत्या.

त्या वैशाखात परत आल्या. मी नर्सरीत होते. दुसऱ्या दिवशी एकादशी. सासूबाईंच्या एकादश्या कडक, आणि उपासाचं सामान त्या स्वतः शोधून स्वतः शिजवत. दुपारी मी घरी आले तर त्या ताटली घेऊन बसलेल्या, चेहऱ्यावर मोठी कमाई केल्याचा आनंद.

"शकू, पाय! अशा दिवसात रतायी भेटली मले! माठाखाली होती. तू ठेवली का वं?"

मी ताटलीकडे पाहिलं. उकडलेल्या फोडी, वर दाण्याचं कूट आणि मीठ. अर्ध्या संपलेल्या.

"आत्याबाई, ते रताळं नव्हतं."

"मंग काय होतं?"

"फूल."

"फूल?" त्यांनी हातातली फोड फिरवून पाहिली. "म्या फूल खाल्लं?" मग एकदम घाबरून, "एकादशी मोडली का वं माह्यी?"

विष नाही, तिकडच्या मुलखात लोक हे कंद खातातही असं मी ऐकलं होतं, ते सांगितलं. त्यांचा जीव भांड्यात पडला. मग मी खालांची, रुखसारची, सेहऱ्याची सगळी गोष्ट सांगितली. सासूबाईंनी ताटली बाजूला ठेवली. मला राग आला होता, पण तो काढायचा कोणावर? ज्या बाईला कोणी सांगितलंच नव्हतं, तिच्यावर? उलट मला रडू येत होतं. कोणी आपला शब्द माझ्याकडे ठेवायला द्यावा आणि तो माझ्याच घरात उकडला जावा, असं झालं होतं.

आणि मग धंद्याची बुद्धी जागी झाली. "आत्याबाई, वरची देठं काय केली?"

"ते दोरेदोरेवाले होय? ते कोन खाते? केयीत टाकले."

आमच्या मागच्या अंगणात मोरीचं पाणी जातं तिथे केळी आहेत. भाजीच्या साली सासूबाई तिथेच टाकत. आम्ही दोघी भर उन्हात केळीत वाकलो. जे रताळं म्हणून खायचं ते सासूबाईंनी खाल्लं होतं, आणि जे खायच्या लायकीचं नाही म्हणून फेकलं होतं, त्यातच तर झाडाचा जीव होता. माना सापडल्या. बऱ्याचशा चिरलेल्या, काही उन्हात कडक झालेल्या. पण काही केळीच्या सावलीत ओल्याला पडल्या होत्या. त्या धुतल्या, कापलेल्या जागी राख लावली, मातीच्या परळात ओलसर वाळूवर ठेवल्या आणि वर भिजवून पिळलेलं गोणपाट टाकलं.

आमचे हे एस. टी. डेपोत कामाला. ते व्यवहारी माणूस. म्हणाले, "एवढं काय घेऊन बसली? हिवाळ्यात बुलडाण्याहून लाल डेलियाची कुंडी आणू. लाल ते लाल. कोणाले समजते?"

मनातलं सांगते, तेवढ्यापुरतं मला ते पटलं होतं. पण कोपऱ्यातून सासूबाई बोलल्या, "ज्यायचं हाय त्याईले समजते."

त्या दिवसापासून परळाचा ताबा त्यांनी घेतला. मला जवळ येऊ देईनात. गोणपाट वाळलं की पाणी शिंपडायच्या, जप करायलाही तिथेच बसायच्या. एकेक मान सडत गेली. जेव्हा एकच उरली, तेव्हा तिच्या बगलेत मोहरीएवढा जांभळट कोंब दिसला. सासूबाईंनी मला नर्सरीतून बोलावून आणलं.

"आता रोहिणखेडले चाल," त्या म्हणाल्या. "म्याच सांगीन त्याईले."

एस. टी.नं गेलो. खालांच्या अंगणात नवा कोबा चकाकत होता, इतका की डोळे बारीक करावे लागत होते. बसा म्हणायच्या आतच सासूबाई बोलून गेल्या, "बाई, तुह्यं फूल म्या खाल्लं. रतायं समजून."

खाला माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान खाली घातली. मग सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, चिडल्या नाहीत. उठून आत गेल्या, पाणी घेऊन आल्या, आणि तेवढ्यात त्यांनी डोळे पुसले होते हे दिसत होतं.

"सासऱ्याची तेवढीच निशानी होती," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं विचारलं, "काहीच नाई राह्यलं?"

"एक डोया वाचला," सासूबाई म्हणाल्या.

"एक?"

"एकच."

"मंग जपा त्याले." एवढंच बोलून त्या उठल्या. निरोप द्यायला दारापर्यंत आल्या, पण नेहमीसारखं 'पुन्हा ये' म्हणाल्या नाहीत. परतीच्या गाडीत सासूबाई खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. मला त्यांची फार दया आली.

पाऊस स्थिरावल्यावर मी कोंब मोठ्या पिशवीत लावला. माती भुसभुशीत, कारण पाणी साचलं तर तो मरतो. खत बेताचं, कारण जास्त खाल्लं तर पानंच पानं करतो आणि फुलाचं नाव काढत नाही. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली, म्हणून आंब्याच्या कलमांच्या पूर्वेला ठेवला. पानांच्या चार जोड्या झाल्या तेव्हा मी नखानं शेंडा खुडला. तेवढ्यात मागून किंकाळी आली.

"अवं बाई! एकच डोया, अन् त्याचंही मुंडकं मोडलं? तुह्यं डोकं ठिकाणावर हाय का?"

शेंडा खुडला की झाड फांद्या करतं, जास्त कळ्या येतात, हे मी समजावलं. त्यांना काही पटलं नाही. मग तोच खुडलेला शेंडा मी वाळूत खोचला, वर काचेची बरणी उपडी घातली, आणि काही आठवड्यांनी त्याला मुळ्या फुटल्याचं त्यांना दाखवलं. एकाची दोन झाडं झाली. सासूबाईंनी बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तुले पयलेच येत होतं तं मले इतकं रडवलं काऊन?"

झाडं वाढली तशी त्यांना तुराट्यांचा आधार दिला, चिंध्यांनी सैल बांधलं. घट्ट बांधलं तर पोकळ काडी दबते. दसऱ्याच्या सुमाराला झाड माझ्या खांद्याला आलं. भाद्रपदात हाजराखाला झेंडूच्या निमित्तानं एकदा येऊन गेल्या होत्या. उभ्या उभ्याच झाड पाहिलं, पानाला हात लावला, आणि एक अडचण सांगितली. ती माझ्या डोक्यातच आली नव्हती.

"फूल आंगणातलं लागते, शकूबाई. नर्सरीतलं आणलं तं ते बाजारातलंच झालं."

खरंच होतं. आणि अंगणात तर भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंट.

दिवाळीआधी अस्लम मोटरसायकलवर नर्सरीत आला. अंगावर सिमेंटची धूळ, चेहरा आंबट. तो मला बाजी, म्हणजे ताई, म्हणतो. "बाजी, तुमचा डेलिया न्यायला गाडी आनू का? अम्मीनं कोबा फोडाले लावला." मग जरा थांबून म्हणाला, "माह्याच हातचा कोबा. इतका पक्का झाला होता की छन्नी बसेना." त्याच्या आवाजात तक्रार किती आणि अभिमान किती हे मला कळलं नाही.

आम्ही गेलो. निंबाच्या पूर्वेला, जुन्याच जागी, चौकोनी तुकडा फोडलेला होता, खाली काळी माती उघडी. पिशवी फाडून, मातीचा गोळा न फोडता झाड खड्ड्यात ठेवलं. दुसरं झाड नर्सरीत राखीव ठेवलं, कारण माझा ना कोब्यावर विश्वास, ना पोरांच्या चेंडूवर. सासूबाईंनी खड्ड्यात पहिली मूठ माती टाकली आणि मागे सरकल्या. खाला त्यांच्याशी तेव्हाही बेतानंच बोलत होत्या.

लग्नाच्या आठवड्यात माझा जीव टांगणीला. रानडेलियाचं फूल मनाचा राजा. पहिली दोन आधीच उमलून गळली. तिसरी कळी घट्ट मिटलेली, हिरवी. फोन केला की खाला सांगायच्या, "अजून मूठ बांधून हाय." लग्नाच्या दिवशी आम्ही सकाळच्या पहिल्या गाडीनं रोहिणखेडला पोचलो. अंगणात मांडव, बाया, पोरं, मोगऱ्याच्या टोपल्या. आणि मांडवाच्या कडेला तुराटीला टेकून ते झाड, आणि त्यावर एक फूल. आठ पाकळ्या. कडा अजून पुरत्या उघडल्या नव्हत्या.

सेहरा पुढे घेऊन खाला पाटावर बसल्या होत्या. मोगऱ्याच्या लडी ओवून झाल्या होत्या, मधोमध जागा मोकळी. आता त्या उठून फूल तोडतील म्हणून आम्ही सगळ्या बघत होतो. त्या उठल्या नाहीत. सासूबाईंकडे वळल्या.

"बाई, तुमीच तोडा."

"म्या?" सासूबाई मागे सरल्या. "नको, नको. मले हात नाई लावाचा त्याले."

"तोडा हो," खाला म्हणाल्या. "आमचं झाड मोडाची सवय तुमालेच हाय."

क्षणभर कोणाला कळेना, हसावं की काय करावं. मग खालाच खो खो हसायला लागल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. सासूबाई हसता हसता रडल्या आणि रडता रडताच त्यांनी ते फूल तोडलं. देठ लांब ठेवला, मी शिकवलं होतं तसा. रुखसारच्या सेहऱ्यात मधोमध ते लाल फूल बसलं. निकाह झाला, जेवणं झाली, आणि पाठवणीच्या वेळी त्याच्या दोन पाकळ्या तिच्या ओढणीवर पडलेल्या मी पाहिल्या. खालांनी त्या उचलून आपल्या पदराला बांधल्या.

आता कोब्यातला तो चौकोन उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो. म्हणून दर वर्षी, महाशिवरात्र झाली की, कंद उकरून ते माझ्याकडे येतात आणि माठाखाली राहतात. पण ते एकटे येत नाहीत. पहिल्याच वर्षी अस्लमनं फडक्यातल्या कंदांबरोबर एक वेगळी थैली दिली. त्यात बाजारातली ताजी रताळी होती. "अम्मीनं बाईसाठी देल्ली," तो म्हणाला. "सांगतलं, हे खाचे, अन् ते लावाचे." सासूबाईंनी ती थैली सगळ्या गल्लीला दाखवली. पुढे दर वर्षी ती येत राहिली, आणि फाल्गुनातल्या एकादशीला सासूबाई खालांचीच रताळी खात. उकडायला टाकण्याआधी मला हाक मारून विचारायच्या, "शकू, हे खाचंच हाय ना?"

परवाच्या पौषात सासूबाई गेल्या. हाजराखाला भेटायला आल्या, माझे दोन्ही हात धरून बसल्या. मला वाटलं, यंदा नुसते कंद येतील.

फाल्गुनात अस्लम आला. एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात थैली. मी थैलीकडे बघत राहिले. तो ओशाळून म्हणाला, "अम्मी म्हने, घरात कोनी ना कोनी तं खाईनच."

मी आयुष्यात कधी एकादशी धरली नव्हती. त्या एकादशीला धरली.